मदत हवी आहे: चिकनच्या कुर्त्यावरच्या निळ्या रेघा जात नाहीत

आर्वीवाला: भाच्याचं लग्न तोंडावर आलंय. पांढरा लखनवी कुर्ता आहे, त्यावर चिकनचं म्हणजे लखनवी पद्धतीचं भरतकाम. भरलेल्या फुलांच्या कडेनं निळ्या रेघा दिसतात. साबणानं घासलं, फरक नाही. काय लावू? दुसरा घ्या म्हणू नका.

मालतीकाकू: कापड कोणतं? घातलेला की नवा? इस्त्री फिरवली का? हे आधी सांग बाबा.

वऱ्हाडी_पोट्टा: भाऊ, ब्लीचिंग पावडरमध्ये रात्रभर टाका. आमच्याकडं धोतरं तशीच पांढरी होतात.

मालतीकाकू: अजिबात नको! बोरच्या पाण्यात लोह असलं की ब्लीचनं कापड पिवळं पडतं. आणि धोतराला भरतकाम असतं का?

आर्वीवाला: सुती आहे. नवाच, अंगाला लागला नाही. इस्त्री नाही केली.

सुईदोरा: मग तो डाग नव्हेच. लखनौला आधी लाकडी ठशानं नक्षी छापतात, नीळ आणि डिंक कालवून. त्या रेघांवर बाया टाके घालतात, शेवटी धोबी रेघा धुऊन काढतात. तुमच्या कुर्त्याची धुलाई अर्धवट झाली. थंड पाण्यात भिजत घाला, पाणी निळं झालं की बदला. जाळीचं काम असेल तिथं ब्रश लावू नका. सुईनं सूत सरकवून ती भोकं पाडलेली असतात, घासलं की बिघडतात.

चरखा_वर्धा: सेवाग्राम एवढं जवळ असताना लखनौचा कशाला? लग्नात खादीच शोभते.

वऱ्हाडी_पोट्टा: त्यानं विचारलं काय, तुम्ही सांगता काय! पण भाऊ, माल मशीनचा तर नाही ना? लखनवी चिकनला २००८ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, तरी बाजारात मशीनचा माल खूप आहे.

आर्वीवाला: उलटून पाहिलं. पाकळ्यांच्या मागं तिरपे टाके एकमेकांवरून गेलेत, मधेमधे गाठी. निळं तिथंच जास्त आहे.

सुईदोरा: ती बखिया, हातचीच. टाके मागून भरतात, म्हणून पुढून पाकळीत दोऱ्याची सावली दिसते. नीळ त्या टाक्यांखाली दबते, सुटायला वेळ लागतो. पिळू नका, दाबून पाणी काढा.

आर्वीवाला: भिजत घातला. पाणी निळसर होऊन राहिलं.

मालतीकाकू: पाणी बोरचं की नळाचं?

आर्वीवाला: बोरचं. नळ परवा येतो.

मालतीकाकू: मग प्यायच्या फिल्टरचं घे, आत्ताच बदल.