लढाईतली जखम ही मोठ्या पदासाठी पात्रता मानावी का?

सांजवारा:
अमेरिकेच्या टॅमी डकवर्थ यांच्यावरून परवा मित्राशी कडाक्याचा वाद झाला. १२ नोव्हेंबर २००४ ला इराकमध्ये त्यांच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरवर रॉकेट-ग्रेनेड आदळला. दोन्ही पाय गेले, उजवा हात जेमतेम वाचला. २०१७ पासून त्या इलिनॉयच्या सिनेटर आहेत. २०२० मध्ये उपाध्यक्षपदासाठी बायडन ज्यांचा विचार करत होते, त्यांत त्यांचंही नाव होतं. मित्र म्हणाला, "आदर आहेच, पण पाय गेल्यानं राज्यकारभार कळतो का?"

मला वाटतं, काही बाबतीत कळतो. जून २०१३ मधली प्रतिनिधीगृहाच्या समितीची सुनावणी आठवा. सैन्यसेवेत अपंगत्व आलेल्यांच्या कंपन्यांना तिथे सरकारी कंत्राटात प्राधान्य असतं. एका कंत्राटदारानं त्यासाठी पायाची जुनी दुखापत दाखवली होती. ती झाली होती लष्करी पूर्वतयारीच्या शाळेत, रणांगणावर नव्हे. त्याला अपंगत्व मिळालं ३० टक्के. डकवर्थ यांनी त्याला समोर बसवून सांगितलं, की माझा जवळपास तुटलेला हात डॉक्टरांनी पुन्हा जोडला आणि त्याचं मला मिळालं २० टक्के. तो प्रश्न इतक्या नेमकेपणानं दुसरं कोण विचारू शकलं असतं?

शिवाय, युद्ध जाहीर करण्याचा अधिकार तिथे काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकेच्या संसदेचा. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिच्या ७० टक्क्यांहून जास्त सदस्यांनी सैन्यात सेवा केलेली होती. १९७३ मध्ये सक्तीची भरती थांबली, आणि आज ते प्रमाण २० टक्केही नाही. मुलं पाठवणारे आणि मुलं ज्यांची जातात ते, यांच्यात इतकं अंतर पडणं मला धोक्याचं वाटतं.

खडू:
सुनावणीचा मुद्दा मान्य, निष्कर्ष नाही. त्यांना तो प्रश्न सुचला कारण त्यांनी आधी इलिनॉयमध्ये आणि मग केंद्रात माजी सैनिकांच्या खात्यात वर्षानुवर्षं काम केलं होतं. फायली वाचल्या होत्या. तुम्ही त्याचं सगळं श्रेय जखमेला देताय.

राज्यघटनेनं अध्यक्षासाठी तीनच अटी घातल्या: वय ३५, जन्मानं नागरिकत्व, १४ वर्षं देशात वास्तव्य. गणवेशाची अट नाही. सैन्यानं नागरी सत्तेच्या हुकमात राहायचं, हे तत्त्व त्यामागे आहे. गणवेशाला राजकारणात वरचा पाट मिळाला, की ते तत्त्व हळूहळू झिजतं.

आणि शौर्य म्हणजे सचोटी नव्हे. ड्यूक कनिंगहॅम व्हिएतनाममध्ये शत्रूची पाच विमानं पाडणारा वैमानिक. पुढे काँग्रेसमध्ये संरक्षण कंत्राटदारांकडून लाच खाल्ली आणि २००६ मध्ये तुरुंगात गेला. वीराला कोणी प्रश्नच विचारत नाही, म्हणून मला याची भीती वाटते.

नांगर:
खडू, "कोणी प्रश्न विचारत नाही" हे वस्तुस्थितीला धरून नाही. जॉर्जियाचे सिनेटर मॅक्स क्लेलंड व्हिएतनाममध्ये दोन पाय आणि उजवा हात गमावून आले होते. २००२ च्या निवडणुकीत जॉर्जियात त्यांच्याविरुद्ध जी जाहिरात चालली, तिच्यात ओसामा बिन लादेन आणि सद्दाम हुसेन यांची चित्रं होती. देशाच्या सुरक्षेबाबत हा माणूस कच्चा, असा तिचा सूर. तीन अवयव दिलेल्या माणसाबद्दल! ते हरले. ती जाहिरात आठवली की मला आजही संताप येतो.

१९९२ ते २००८ राष्ट्राध्यक्षपदाच्या सलग पाच निवडणुका बघा: थोरले बुश, डोल, गोर, केरी, मॅकेन. युद्धभूमीवर जाऊन आलेला उमेदवार पाचही वेळा हरला. मतदार या गोष्टीला भुलतात, ही भीती अनाठायी आहे.

रेवा:
मी पाठीच्या कण्याच्या आजारामुळे लहानपणापासून व्हीलचेअर वापरते, म्हणून वेगळं बोलते. फ्रँकलिन रूझवेल्ट यांना १९२१ मध्ये पोलिओचं निदान झालं. बारा वर्षं राष्ट्राध्यक्ष राहिले, दुसरं महायुद्ध चालवलं, पण व्हीलचेअरमधले फोटो छापून येऊ नयेत याची आयुष्यभर काळजी घेतली. डकवर्थ यांना आपले कृत्रिम पाय झाकावे लागत नाहीत. फार चांगलं आहे ते. पण रणांगणावर गेलेले पाय हा त्याग आणि आजारानं गेलेले पाय ही अडचण, असं का? मला चढायच्या पायऱ्या तेवढ्याच असतात. जखमेला पात्रता म्हणालात, की माझ्यासारखे लोक आपोआप खालच्या पायरीवर जातात.

सांजवारा:
रेवाताई, हा विचार मी केलाच नव्हता. पात्रता हा शब्द मी मागे घेतो.

तरी नांगरच्या यादीतले डोल, म्हणजे रिपब्लिकन सिनेटर बॉब डोल, यांचं सांगतो. १४ एप्रिल १९४५ ला इटलीत जखमी झाले, उजवा हात कायमचा अधू. समोरच्यानं तो हात मिळवायला जाऊ नये म्हणून त्या मुठीत कायम पेन धरलेलं असायचं. १४ एप्रिल १९६९ ला, त्याच तारखेला, सिनेटमधलं पहिलं भाषण त्यांनी केलं ते अपंगांच्या प्रश्नावर. सगळ्या अपंगांच्या, फक्त सैनिकांच्या नव्हे. १९९० च्या अपंग हक्क कायद्यामागेही ते उभे राहिले. जखम इथे दुसऱ्यांच्या कामी आली.

खडू:
आणि डिसेंबर २०१२? ८९ वर्षांचे डोल व्हीलचेअरवरून सिनेटच्या सभागृहात आले होते. अपंगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार मंजूर व्हावा म्हणून. दोन तृतीयांश मतं हवी होती. पडली ६१, विरोधात ३८, आणि ते सगळे ३८ त्यांच्याच पक्षाचे. १९६९ च्या भाषणासाठी मी डोल यांना मत देईन, १९४५ च्या जखमेसाठी नाही.

सांजवारा:
१९४५ घडलं नसतं, तर १९६९ चं भाषण कोणी केलं असतं?

रेवा:
माझ्यासारख्या कुणीतरी. तिला कुणी उमेदवारी दिली असती तर.