१९७१ची ढाक्याची तार आणि अमेरिकेची ‘तत्त्वं’

घाटमाथा

परवा एका लग्नात जेवणं उरकल्यावर पान लावता लावता अमेरिकेचा विषय निघाला. आमच्या मेव्हण्यांनी लगेच निकाल देऊन टाकला, “अहो, तेल दिसलं की त्यांना लोकशाही आठवते. तत्त्व-बित्त्व काही नाही.” सगळे हसले, मीही हसलो. घरी येताना वाटलं, हे वाक्य १९७१ला लावून बघावं. तिथे तर तेल नव्हतं.

डिसेंबर १९७०च्या निवडणुकीत अवामी लीगनं पूर्व पाकिस्तानातल्या १६९पैकी १६७ जागा जिंकल्या. सत्ता देण्याऐवजी पाकिस्तानचा लष्करशहा याह्याखाननं २५ मार्चच्या रात्री ढाक्यात सैन्य सोडलं. तिथे अमेरिकेचे कॉन्सुल जनरल होते आर्चर ब्लड. ६ एप्रिलला त्यांच्या कचेरीतून वॉशिंग्टनला तार गेली, वीस अमेरिकी अधिकाऱ्यांच्या सह्यांनिशी. मजकुराचा आशय असा, की लोकशाही दडपली जातेय, माणसं मारली जातायत आणि आपलं सरकार निषेधाचा शब्द काढत नाही, हे नैतिक दिवाळं आहे. स्वतःच्याच सरकारला, सरकारी तारेनं!

राष्ट्राध्यक्ष निक्सननी त्याच महिन्याच्या अखेरीस आलेल्या एका टिपणावर स्वतःच्या हातानं शेरा मारला, याह्याला सध्या पिळू नका. चीनशी बोलणी याह्यामार्फत चालली होती. जुलैत निक्सनचे सल्लागार किसिंजर पोटदुखीचं सोंग करून पाकिस्तानातून गुपचूप पेकिंगला गेले, ते त्याच वाटेनं.

आता सांगा, यातली अमेरिका कोणती? ब्लडची की निक्सनची? माझ्या मते दोन्ही. हे घरातलं भांडण फार जुनं आहे. परराष्ट्रमंत्री असताना जॉन क्विन्सी अ‍ॅडम्सनी ४ जुलै १८२१च्या भाषणात बजावलं होतं, की अमेरिका राक्षस मारायला परमुलखात जात नाही. स्वातंत्र्य सगळ्यांचं चिंतते, राखण फक्त स्वतःच्याची करते. विल्सन १९१८मध्ये चौदा कलमं घेऊन जगाची घडी बसवायला निघाले, तर त्यांच्याच सिनेटनं राष्ट्रसंघात जायला नकार दिला. १९४७मध्ये ट्रुमननी ग्रीस-तुर्कस्तानसाठी ४० कोटी डॉलर मागताना सांगितलं, की दडपशाहीला तोंड देणाऱ्या स्वतंत्र जनतेला आधार देणं हे आपलं धोरण असलं पाहिजे. आणि ज्यांच्या डोक्यातून रशियाला बांध घालायची कल्पना आली, ते जॉर्ज केननच कुरकुरले की इतकं सरसकट बोलू नका.

तर तत्त्व नाही असं नाही. तत्त्वं फार आहेत आणि त्यांचं आपसांत पटत नाही. हाणा आता.

रात्रपाळी

साफ असहमत. घरात सासू-सुनेचं काय वाजलंय याच्याशी दारातल्या भुकेल्याला काय करायचंय? भाकरी मिळाली की हाकललं, एवढंच त्याला कळतं. १९७१मध्ये जवळजवळ एक कोटी निर्वासित आपल्याकडे आले. त्यांना ब्लडसाहेबांच्या तारेचा काय उपयोग झाला? डिसेंबरात बंगालच्या उपसागराकडे आलं ते अमेरिकेचं ‘एंटरप्राइझ’ हे विमानवाहू जहाज, तार नव्हे.

आणि विल्सनचं कौतुक जरा जपून. लोकशाहीच्या या पुजाऱ्यानं १९१४मध्ये मेक्सिकोच्या व्हेराक्रूझमध्ये, १९१५मध्ये हैतीत, १९१६मध्ये डोमिनिकन रिपब्लिकमध्ये सैन्य उतरवलं. हैतीतून ते निघालं थेट १९३४ला. पुढे १९५३मध्ये इराणचे मोसादेक, १९५४मध्ये ग्वाटेमालाचे आर्बेन्झ, दोघांनाही खुर्चीवरून खाली खेचलं. दर वेळी भांडण एकाच बाजूनं सुटत असेल तर ते भांडण नव्हे, नाटक.

लालगहू

मी थोडा वयस्कर आहे, सदस्यनावावरून कळलंच असेल. १९६६मध्ये मी चौथीत. रेशनच्या दुकानासमोर पिशवी घेऊन उभं राहायचं काम माझं. अमेरिकेचा लाल गहू. आई म्हणायची, या पिठाची पोळी लाटली की चामड्यासारखी मागे येते. बोलायची आणि लाटायची, कारण दुसरं होतं काय?

पीएल-४८० हा कायदा आयसेनहॉवरच्या वेळचा, १९५४चा. अमेरिकेत गहू इतका पिकला होता की कोठारात ठेवायला जागा नाही आणि बाजारात आणला तर भाव पडतात. मग तो आमच्यासारख्यांना रुपयांत द्यायचा, डॉलर मागायचे नाहीत. १९६५नंतर जॉन्सनसाहेबांनी दोरी आखूड केली. वर्षांचा करार नाही, थोडा थोडा गहू सोडायचा. एक कारण, आपण शेतीकडे नीट लक्ष द्यावं (हे खरंच होतं, नंतर दिलंही). दुसरं, व्हिएतनामवरून दिल्ली बोलत होती ते त्यांना खुपत होतं.

म्हणून रात्रपाळी, माझा एकच प्रश्न. त्या पिठात कॅन्सासच्या शेतकऱ्याची सोय होती, रशियाला शह होता आणि उपाशी पोरांची कीवही होती. चाळणी घ्या आणि तिन्ही वेगळं काढून दाखवा. घाटमाथांनाही तेच विचारतो. तुम्ही ब्लड इकडे आणि निक्सन तिकडे असे दोन ढीग करताय. आमच्या पिशवीत एकच पीठ यायचं.

बाल्टिमोरची मावशी

‘नाटक’ या शब्दाला हरकत. मी जिथे राहते त्या बंदरात जुलै १९७१मध्ये ‘पद्मा’ नावाचं पाकिस्तानी मालवाहू जहाज येणार होतं. पाकिस्तानला शस्त्रं जाऊ नयेत म्हणून क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाची माणसं चक्क छोट्या वल्ह्यांच्या होड्या घेऊन त्याच्या वाटेत गेली. बोटीएवढ्या लाटा उठवणारं धूड समोर, आणि हे होडक्यात. पोलिसांनी उचललं. ऑगस्टमध्ये सिनेटर एडवर्ड केनेडी आपल्याकडच्या निर्वासित छावण्यांत चिखल तुडवत फिरले आणि परत येऊन स्वतःच्या सरकारवर तुटून पडले. १ ऑगस्टला न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निर्वासितांसाठी रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांची मैफल. नाटकातले नट कोठडीत जात नाहीत हो.

रात्रपाळी

मावशी, होडीवाल्यांना नमस्कार, अगदी मनापासून. पण त्याच डिसेंबरात निक्सन-किसिंजर जॉर्डनमार्फत अमेरिकी बनावटीची विमानं पाकिस्तानला पोचवायच्या खटपटीत होते, आणि हे कायद्यात बसत नाही असं त्यांना घरच्याच लोकांनी सांगितलं होतं. एका पारड्यात होडकं, दुसऱ्यात लढाऊ विमानं. तराजू कुठे झुकतो ते सांगायला अभ्यास लागत नाही.

कोरडा पाव

सगळे निक्सनला शिव्या घालतायत म्हणून उलटं बोलतो. त्यांच्या जागी बसून बघा. शीतयुद्ध ऐन भरात, व्हिएतनाममध्ये पाय रुतलेला, आणि मॉस्को व पेकिंग यांच्यातली फट रुंद करायची संधी दारात. ती पूर्व पाकिस्तानसाठी घालवायची? मी अमेरिकी असतो तर मीही घालवली नसती.

आणि आपण काय केलं? ९ ऑगस्ट १९७१ला सोव्हिएत संघाशी करार. योग्यच केलं. पण त्याच सोव्हिएत रणगाड्यांनी १९५६मध्ये बुडापेस्ट चिरडलं तेव्हा आपण गुळमुळीत बोललो आणि १९६८मध्ये प्रागच्या वेळी सुरक्षा परिषदेत तटस्थ बसलो. आपण करतो तो मुत्सद्देपणा आणि ते करतात ते ढोंग, असं कसं चालेल?

घाटमाथा

तिघांना एकत्र उत्तर देतो, थोडं लांबेल.

लालगहू काका, मान्य. दोन ढीग करायची घाई झाली. एकाच माणसात दोन्ही असतात, एकाच पोत्यातही.

कोरडा पाव, ‘देशहित’ हा शब्द तुम्ही असा वापरताय जणू तो वजनकाट्यावर मोजून येतो. २००३चं इराक घ्या. त्याआधी सप्टेंबर २००२मध्ये अमेरिकेतल्या ३३ आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या अभ्यासकांनी वर्तमानपत्रात पैसे देऊन जाहिरात छापली, की हे युद्ध अमेरिकेच्या हिताचं नाही. त्यातले बरेच जण तुमच्याच पंथाचे, शक्ती आणि स्वार्थ यांच्या भाषेत बोलणारे. लोकशाही रुजवायला निघालेल्यांनी त्यांचं ऐकलं नाही. म्हणजे कधी कधी तत्त्वानंच घर जाळलंय, आणि स्वार्थवाले बादली घेऊन ओरडत होते. निक्सनच्या बाबतीत तर मला वाटतं हिशोबही पुरता नव्हता. चीनला पाकिस्तानशिवाय अमेरिका नको होती असं थोडंच आहे? मॉस्कोची धास्ती त्यांना स्वतःची होती.

रात्रपाळी, भाकरीचं उदाहरण झोंबलं. पण इंदिराबाई त्या भुकेल्यासारख्या दारात उभ्या नव्हत्या. नोव्हेंबर १९७१मध्ये त्या वॉशिंग्टनला गेल्या तेव्हा निक्सन वळणार नाहीत हे त्यांना कळत असणारच. तरी गेल्या, तिथल्या पत्रकारांशी, लोकांशी बोलल्या. आतलं भांडण ठाऊक असलं की कुठली कडी वाजवायची ते कळतं. तुमच्या ‘सगळं नाटक’ या मतात ही सोयच राहत नाही.

नवा भिडू

मध्येच विचारतो. मग ट्रम्पचं ‘अमेरिका फर्स्ट’ कुठल्या खात्यात? २०२५च्या ऑगस्टमध्ये आपल्या मालावर ५० टक्के कर बसला तेव्हा मुंबईच्या सीप्झ या निर्यात वसाहतीतल्या दागिनेवाल्यांची झोप उडाली होती.

लालगहू

नवीन नाही रे ते. १९४०मध्ये याच नावाची समिती होती, युरोपच्या युद्धात पडू नका म्हणणारी. विमानवाला लिंडबर्ग त्यांचा मोठा वक्ता. पर्ल हार्बर झालं आणि चार दिवसांत समिती गुंडाळली. पण ते बाहेर जाऊ नका म्हणायचे, हे बाहेर जाऊन वसुली करतायत. अ‍ॅडम्सला हे आपलं वाटलं नसतं.

रात्रपाळी

कडीचा मुद्दा घेतो, पूर्ण नाही, अर्धा. बाकी एक सांगा, ब्लडचं पुढे काय झालं?

बाल्टिमोरची मावशी

जूनमध्ये ढाक्याहून बदली. कारकीर्द तिथून उतरणीला लागली. आणि त्याच वर्षी परराष्ट्र खात्यातल्या लोकांच्या संघटनेनं त्यांना मतभेद मांडण्याच्या धैर्यासाठी हर्टर पुरस्कार दिला.

रात्रपाळी

बदलीही आणि सत्कारही! घाटमाथा, हेच शीर्षक द्यायचं होतं धाग्याला.

घाटमाथा

संपादनाची मुदत संपली हो. नाहीतर दिलं असतं.