घड्याळाच्या मते मी दिवसभर बसूनच असते!

हौसेने फिटनेस बँड घेतला. सकाळपासून दीड वर्षाच्या बाळाला कडेवर घेऊन घरभर फेऱ्या मारतेय आणि संध्याकाळी बघते तर पावलं जेमतेम आठशे! रात्री एकदाचं बाळ झोपलं, मी श्वास रोखून पलंगाच्या कडेला बसलेय, तेवढ्यात हे थरथरलं, 'उठा, थोडं चाला'. थोरल्याने तर सोफ्यावर लोळत नुसता हात हलवून माझं टार्गेट पूर्ण केलं. काही उपाय आहे का, की फेकून देऊ?

प्रतिसाद १: फेकू नका हो :) बँडला पाय कुठे दिसतात, तो हाताची हालचाल बघून पावलं ठरवतो. बाळाला धरलेला हात हलतच नाही, बाबागाडी ढकलतानाही तेच. घोट्याला बांधून बघा.

प्रतिसाद २: आमच्या ट्रेडमिलवर कपडे छान वाळतात. धाकटी त्याची सेफ्टी की (सुरक्षेची किल्ली) खेळण्यांत लपवते, ती किल्ली नसेल तर मशीन चालूच होत नाही. ओरडू पण शकत नाही, लहान मुलं असली की ती काढूनच ठेवायची असते म्हणे. (मला तेवढंच निमित्त!)

प्रतिसाद ३: रोजच्या १०,००० पावलांच्या टार्गेटचं एवढं मनावर घेऊ नका. १९६५ मध्ये जपानात पावलं मोजायचं एक यंत्र आलं होतं, त्याच्या नावातच 'दहा हजार पावलं' होतं, तिथून तो आकडा पसरला.

मूळ धागाकर्ती: घोट्याला बांधला. चार हजार! फक्त नवरा विचारतोय, जामिनावर सुटलीयेस का?