एमआयटीत प्रवेश मिळण्याची शक्यता कशी अजमावावी?

गोदाकाठ (प्रश्न):
नमस्कार. माझी मुलगी नाशिकमध्ये अकरावी विज्ञान शाखेत शिकते. दहावीला तिला ९७ टक्के गुण होते, गणिताची मनापासून ओढ आहे आणि यंदा आयओक्यूएम ही गणित ऑलिंपियाडची पहिली पात्रता परीक्षा पार करून ती आरएमओपर्यंत, म्हणजे प्रादेशिक फेरीपर्यंत पोहोचली. पुढे आयएनएमओ या राष्ट्रीय फेरीसाठी मात्र निवड झाली नाही. जेईईची तयारी चालूच आहे, पण अमेरिकेतील एमआयटीत पदवीसाठी अर्ज करायचा असे तिने मनावर घेतले आहे. आयआयटीचा अंदाज बांधता येतो: मुंबई आयआयटीत संगणकशास्त्राच्या जागा खुल्या प्रवर्गात साठ-सत्तराव्या क्रमांकाच्या आसपास संपतात, हे जोसाच्या, म्हणजे आयआयटीतील जागावाटप करणाऱ्या यंत्रणेच्या, तक्त्यांवरून कोणालाही कळते. एमआयटीचा असा कटऑफ कोठेच सापडत नाही. एका सल्लागाराने ‘चांगल्या विद्यापीठाची शक्यता चाळीस टक्के’ असे सांगून स्वतःच्या शुल्काचे पत्रक पुढे केले. हा आकडा कशावरून आला असेल, आणि आम्ही शक्यता अजमावावी तरी कशी? आम्ही दोघे नोकरदार आहोत. आर्थिक साहाय्याशिवाय तेथील खर्च झेपणारा नाही.

केंब्रिजवासी:
२०२४ साली एमआयटीकडे सुमारे २८ हजार अर्ज आले आणि त्यांतून सुमारे १,३०० जणांना प्रवेश देऊ करण्यात आला, म्हणजे शंभरातून पाचांनाही नाही. परदेशी अर्जदारांत हे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास असते. एमआयटीपुरते बोलायचे तर चाळीस टक्के ही शक्यता कोणालाच देता येत नाही.

मात्र हे दोन टक्केही तुमच्या मुलीला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. त्या अर्जांच्या ढिगात आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडचे पदकविजेते असतात, तसेच केवळ नशीब आजमावणारेही असतात, आणि सरासरी दोघांची मिळून निघते. म्हणून प्रश्नाचे दोन भाग करा. तेथील अभ्यास तिला पेलेल का, हे बऱ्याच अंशी तपासता येते. सॅट ही अमेरिकी विद्यापीठांच्या प्रवेशासाठीची परीक्षा एमआयटीने २०२२ मध्ये पुन्हा सक्तीची केली. प्रवेश मिळालेल्यांपैकी बहुतेकांचे त्यातील गणिताचे गुण ८०० पैकी ७८० किंवा त्याहून अधिक असतात. आरएमओपर्यंत गेलेल्या मुलीला ते अवघड जाऊ नये. पण हा उंबरठा आहे. तो ओलांडणारे हजारो असतात, आणि त्यानंतर ९७ चे ९९ टक्के केल्याने फारसा फरक पडत नाही.

दुसरा भाग असा, की परीक्षा समोर नसताना ती गणिताचे काय करते? २०१६ साली मुंबईच्या एका मुलीला बारावीची परीक्षाच दिलेली नसताना एमआयटीने घेतले. संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमधील तिची तीन पदके त्यामागे होती. प्रत्येकाकडे पदके हवीतच असे नाही, पण गुणपत्रिकेबाहेरचा असा काहीतरी ठोस पुरावा लागतो. अर्जात एका मोठ्या निबंधाऐवजी बरेच छोटे प्रश्न असतात. केवळ आनंदासाठी तुम्ही काय करता, असाही एक प्रश्न त्यांत विचारला गेला आहे. तिने त्याचे उत्तर आजच, कोणाची मदत न घेता, दहा ओळींत लिहून पाहावे. ते सहज आणि नेमके उतरले, तर अर्जात जीव आहे असे मी मानीन.

गणितशिक्षक, पुणे:
वरील प्रतिसादाशी सहमत आहे. पण आपल्याकडची खरी अडचण शिफारसपत्रांची आहे, आणि शक्यतेचा विचार करताना पालक ती जमेसच धरत नाहीत. एमआयटीला शिक्षकांची दोन पत्रे लागतात: एक गणित किंवा विज्ञानाच्या शिक्षकांचे, दुसरे भाषा किंवा सामाजिक शास्त्राच्या शिक्षकांचे. ‘इंटिग्रेटेड’ पद्धतीत मुलांचे नाव कनिष्ठ महाविद्यालयाच्या हजेरीपटावर आणि दिवस क्लासमध्ये, अशी स्थिती असते. मग इंग्रजीच्या बाई तिच्याविषयी ‘हुशार, आज्ञाधारक व शिस्तप्रिय’ यापलीकडे लिहिणार तरी काय? अशी पत्रे मी स्वतः वाचली आहेत. विद्यार्थ्याचे नाव बदलले तरी काही बिघडू नये, अशी ती असतात. ‘समान गुणोत्तराची अट काढून टाकली तर काय होईल, असे तिने तासानंतर थांबून विचारले आणि दुसऱ्या दिवशी अपुरी पण स्वतःची सिद्धता घेऊन आली’, असे एक वाक्य त्या तीन विशेषणांहून कितीतरी मोलाचे ठरते. ते लिहू शकेल असे कोणी तिच्या ओळखीचे आहे का, हे आधी पाहा. आयओक्यूएमला ती बारावीतही बसू शकते, तेव्हा तो मार्ग बंद झाला असे समजू नये.

गोदाकाठ:
दोघांचे मनापासून आभार. मुलगी अशाच एका इंटिग्रेटेड तुकडीत आहे. गणिताचे सर तिला नीट ओळखतात, भाषेच्या बाजूने मात्र कोणीच नाही. सल्लागार दहा विद्यापीठांत अर्ज करायला सांगत होते. त्याने शक्यता वाढते का?

संख्यामित्र:
तुमच्या ‘चाळीस टक्क्यां’चा उगम बहुधा येथेच असावा. प्रत्येक ठिकाणी पाच टक्के शक्यता धरली आणि दहाही निर्णय एकमेकांपासून स्वतंत्र मानले, तर किमान एके ठिकाणी प्रवेश मिळण्याची शक्यता ४० टक्के निघते. गणित बरोबर आहे, गृहीतक चुकीचे आहे. दहाही ठिकाणी तीच गुणपत्रिका आणि तीच शिफारसपत्रे जातात. ज्या उणिवेमुळे एका ठिकाणी नकार येतो, तीच उणीव उरलेल्या नऊ ठिकाणीही दिसते. शिवाय परदेशी मुलीसाठी सगळीकडे पाच टक्के धरणेच मुळात उदारपणाचे आहे.

खर्चाचा मुद्दा तुमच्या बाबतीत निर्णायक आहे. एमआयटी, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, डार्टमथ अशी मोजकीच विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्याची निवड करताना त्याची आर्थिक गरज विचारात घेत नाहीत आणि निवडीनंतर ती गरज पूर्ण भागवतात. इतर अनेक ठिकाणी साहाय्य मागितले की निवडीची शक्यता कमी होते, म्हणून सल्लागाराच्या यादीतील प्रत्येक नावापुढे हे तपासून लिहा. दहापैकी किती नावे उरतात, ते मग पाहा. एमआयटीत २०२५ च्या शैक्षणिक वर्षापासून वार्षिक उत्पन्न दोन लाख डॉलरच्या आत असलेल्या, सर्वसाधारण मालमत्तेच्या कुटुंबांना शिकवणी शुल्क पडत नाही, आणि एक लाखाच्या आत असल्यास राहण्याजेवणाचा खर्चही भागवला जातो. दोघे नोकरदार असलात तरी तुम्ही बहुधा या दुसऱ्या गटात बसाल.

मुलीचा ओढा खरोखर गणिताकडे असेल, तर भारतीय सांख्यिकी संस्थेचे बी.स्टॅट. आणि बी.मॅथ. हे पदवी अभ्यासक्रम, तसेच चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटची प्रवेशपरीक्षा यांची तयारी आरएमओच्या अभ्यासातूनच होते. बारावीत आयएनएमओ साधली तर दोन्हीकडे प्रवेशप्रक्रियेत तिचा फायदाच होईल. हे अर्ज जेईईबरोबरच भरून ठेवावेत.