'२९च्या मॉडेल ए बॉडीखाली '३२ची फ्रेम: किटाची नासाडी की खरी हॉट रॉड?

आडवापाटा (धागाकर्ता)

१/२५ मापात, म्हणजे खऱ्याच्या पंचविसाव्या भागाएवढी, १९२९ ची फोर्ड मॉडेल ए रोडस्टर (उघडी गाडी) प्लॅस्टिकच्या किटातून बनवतोय. किटातली फ्रेम (बॉडीखालचा सांगाडा) बाजूला ठेवली आणि १९३२ च्या फोर्डच्या दुसऱ्या किटातली फ्रेम खाली घेतली. ग्रुपवर फोटो टाकल्याबरोबर दोघातिघांनी "चांगल्या किटाची वाट लावली" असं सुनावलं. म्हणून हा धागा.

माझं मत असं: हॉट रॉडच्या (जुन्या गाडीत फेरफार करून बनवलेल्या वेगवान गाडीच्या) मॉडेलात दुसऱ्या गाडीची फ्रेम घालायला काहीच हरकत नाही. अट एकच, ती फ्रेम त्या काळी लोकांनी खरोखर वापरलेली हवी.

मॉडेल ए १९२८ ते १९३१ या काळातली. चार सिलिंडर, फ्रेम साधी, सरळ. १९३२ मध्ये फोर्डने सामान्य माणसाच्या गाडीत व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन दिलं, २२१ घनइंच आणि ६५ अश्वशक्तीचं. फ्रेमही नवी आणि जास्त दणकट आली. कॅलिफोर्नियातली पोरं मुरॉक आणि एल मिराजच्या कोरड्या तळ्यांवर गाड्या पळवायची, त्यांना हलकी बॉडी आणि ताकदीची फ्रेम हवी होती. मॉडेल ए ची रोडस्टर बॉडी छोटी आणि हलकी. ती '३२च्या फ्रेमवर चढली आणि हॉट रॉडमधली एक घरंदाज जोडी तयार झाली.

शिवाय '३२ची फ्रेम झाकलेली नसते. बाजूने थेट दिसते आणि तिच्यावर लांबच लांब दाबलेली रेघ असते. मडगार्ड काढले की गाडीची सगळी ऐट त्या रेघेत असते. मॉडेलमध्ये ती दाखवली तर बिघडलं कुठे?

मूळकिटवाला

बिघडलं ते सांगतो. मॉडेल ए च्या स्वतःच्या फ्रेमवरही भरपूर हॉट रॉड झाल्या. ज्यांच्याकडे दुसरी फ्रेम घ्यायला पैसे नव्हते त्यांनी आहे त्याच फ्रेमच्या उघड्या बाजूला पट्टी वेल्ड करून तिची बंद पेटी केली, आडवे सपोर्ट घातले आणि व्ही-८ बसवलं. त्या गाड्या कोण बनवतंय? ज्याचं टेबल बघावं तिथे '३२ची फ्रेम! इतिहासाचं नाव घेऊन आपण इतिहासाचा एकच कोपरा पुन्हा पुन्हा रंगवतो.

दुसरं, ही किटं बाहेरून येतात. किंमत, वर कस्टम ड्यूटी. एक मॉडेल करायला दोन किटं फोडायची, आणि '३२ची बॉडी डब्यात धूळ खात पडणार. काही वर्षांपूर्वी रेवेल या किट कंपनीने '२९ रोडस्टरचं जे किट काढलं त्यात '३२च्या धर्तीची फ्रेम आयतीच दिली आहे. फ्रेम हवी तर ते घ्या. जुन्या किटावर करवत कशाला?

काचकागद

वाद चालू द्या, पण निम्मी मॉडेलं फसतात ती मापात, म्हणून आधी आकडे.

मॉडेल ए चा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) १०३.५ इंच, '३२चा १०६. १/२५ मध्ये खऱ्या गाडीचा एक इंच जवळपास एक मिमी होतो, म्हणजे फरक अडीच मिमी. मागचं चाक बॉडीच्या कमानीत नेमकं बसवलं की हा सगळा फरक पुढे सरकतो. मग '२९चं बॉनेट पुढच्या रेडिएटरच्या जाळीपर्यंत पोचत नाही. एकतर बॉनेट वाढवा, नाहीतर काढूनच टाका आणि इंजिन दिसू द्या.

मापं मिसळू नका. १/२४ च्या किटातली '३२ची फ्रेम घेतली तर व्हीलबेस ११२ मिमीच्या वर जातो, १/२५ मध्ये तो १०७.७ असायला हवा. साडेचार मिमीची चूक लांबी (पुट्टी) भरून लपत नाही.

आणि मुख्य अडचण काउलपाशी, म्हणजे बॉनेट आणि समोरची काच यांच्यामधल्या भागापाशी. तिथे '३२ची फ्रेम मॉडेल ए च्या बॉडीपेक्षा रुंद पडते, दोन्ही बाजूंना बाहेर डोकावते. खऱ्या गाडीत कारागीर फ्रेमला काप देऊन तिथे आत दाबतात. प्लॅस्टिकमध्येही तेच करायचं: आतल्या अंगाने रेझर सॉने अर्ध्या जाडीपर्यंत दोन-तीन काप द्यायचे, हळूच आत वाकवायचं, पातळ सिमेंट (प्लॅस्टिक चिकटवायचा गोंद) सोडायचं आणि रात्रभर क्लॅम्पमध्ये ठेवायचं. बाहेरच्या अंगाला करवत लावायची नाही, नाहीतर ती दाबलेली रेघ तुटते आणि पुन्हा जुळत नाही.

आडवापाटा

@काचकागद, काप आतूनच दिलेत. बॉडीची जमीनही मागच्या बाजूला कापावी लागली, कारण तिथे फ्रेम वर उचललेली आहे.

@मूळकिटवाला, रेवेलचं किट चांगलंच आहे, पण त्यातली फ्रेम त्या बॉडीसाठी कंपनीने जुळवून दिलेली. मला ते जुळवणं स्वतः करायचं आहे. त्या पोरांनी जे केलं ते लहान मापात हातांनी करून बघितल्याशिवाय ही गाडी अशीच का दिसते ते कळत नाही. डब्यातली '३२ची बॉडी कुणाला तरी देईन. आपल्या ग्रुपमध्ये सुट्या भागांची देवाणघेवाण चालतेच.

खारट_वाळू

कॅलिफोर्नियात राहतो. १९५० साली ओकलंडमध्ये सुरू झालेलं रोडस्टरचं मोठं प्रदर्शन हल्ली पोमोनाला भरतं, तिथे अशा गाड्या जवळून बघितल्यात. धागाकर्त्याच्या बाजूने आहे. पण ग्रुपवर लोक हॉट रॉडखाली सत्तरच्या दशकातल्या शर्यतीच्या गाडीची फ्रेम सरकवतात आणि "हॉट रॉडमध्ये सगळं चालतं" म्हणतात. नाही चालत. फ्रेम बदलली की स्प्रिंग, स्टिअरिंग, इंजिनाचे माउंट सगळंच बदलतं. जुन्या फोर्डच्या आडव्या पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) जागी कॉइल स्प्रिंग का आली, याचं उत्तर मॉडेलमध्ये दिसलं पाहिजे.

मूळकिटवाला

याच्याशी शंभर टक्के सहमत.

नंबरप्लेट

आपल्याकडे खऱ्या गाडीवर हे करायला गेलात तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल चालत नाही, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. इथल्या माणसाला फ्रेम बदलण्याची हौस टेबलावरच भागवावी लागणार, तर ती भागवू द्या की.

मूळकिटवाला

हौसेला माझा विरोध नाही. कायदा प्लॅस्टिकला लागत नाही म्हणून जुन्या, बंद झालेल्या किटावर हात टाकावा, हे पटत नाही. सहज मिळणारं किट फोडा. जे पुन्हा निघणार नाही ते जसं आहे तसं बांधा, निदान एक तरी.

आणि आडवापाटा, एक प्रश्न राहिला. मॉडेल ए मध्ये पेट्रोलची टाकी काउलमध्ये असते, डॅशबोर्डच्या पुढे, झाकण वर काचेसमोर. '३२मध्ये टाकी मागे, फ्रेमच्या दोन पट्ट्यांच्या टोकाला. तुझ्या फोटोत काउलवर झाकण आहे आणि मागे टाकीपण आहे. यातली खरी कुठली?

आडवापाटा

मागची. काउलमधली टाकी काढली असं धरलंय, म्हणजे पाय पसरायला जागा होते, आणि पेट्रोल मांडीवर घेऊन कुणी शर्यतीत बसत नाही. झाकण घासून काढतोय, लांबी भरून झाली आहे. प्रायमर मारला की काउलचा फोटो इथेच टाकतो. मूळ फ्रेमही फेकलेली नाही. तू म्हणतोस तशी पट्टी लावून पेटी केलेली मॉडेल ए तिच्यावर करायची झाली तर आडवे सपोर्ट कुठे घालायचे, तेवढं सांग.