शब्दचर्चा : ल्युपसमधील त्वचेचा त्रास आणि ‘बधिर’ हा शब्द

प्रश्न : ल्युपस झालेल्या स्त्रियांसाठी मराठी माहितीपत्रक तयार करीत आहे. त्वचेतील बारीक नर्व्हना इजा होऊन जो त्रास होतो, त्याला ‘त्वचेची बधिरता’ म्हणावे असे मला वाटते. परंतु आमच्या वरोरा तालुक्यातील आशाताईंचा, म्हणजे गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविकांचा, या शब्दाला ठाम विरोध आहे. आपले मत काय?

उत्तर : शब्द कोशाला धरून आहे, तरीही आशाताईंचेच म्हणणे मान्य करावे. कुष्ठरोगाच्या शोधमोहिमेत घरोघरी ‘न खाजणारा, न दुखणारा, बधिर चट्टा आहे का?’ असे वर्षानुवर्षे विचारले जात असल्यामुळे, आणि त्यातही वरोऱ्यासारख्या, बाबा आमट्यांच्या आनंदवनामुळे ओळखल्या जाणाऱ्या भागात, ‘बधिर’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात आधी तोच आजार येतो. ल्युपस संसर्गजन्य नाही. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते. ज्या बाईच्या चेहऱ्यावर आधीच लाल चट्टा आहे, तिच्या हाती ‘बधिर’ शब्द असलेला कागद देणे म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या संशयाला खतपाणी घालणे होय.

दुसरे कारण वैद्यकीय आहे आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. त्वचेतील सर्वांत बारीक तंतू वेदना आणि थंड-उष्ण यांची जाणीव वाहून नेतात. ते बिघडले की जाणीव कमी होतेच असे नाही. पुष्कळदा ती भलतीच वाढते. तळपायांची आग होते, सुया टोचतात, रात्री अंगावरची चादरसुद्धा सोसत नाही. आपल्याकडची बाई हे ‘तयव्याची आग होऊन राह्यली’, ‘पायाले मुंग्या येऊन राह्यल्या’ अशा नेमक्या शब्दांत सांगते. ते सगळे ‘बधिरता’ या एका शब्दात कोंबले, तर आग सोसणारी बाई हा मजकूर आपल्यासाठी नाही असे समजून पुढे जाईल. म्हणून ‘आग होणे, मुंग्या येणे, टोचणे किंवा गार-गरम न कळणे’ असे सुटे लिहावे.

पुढील प्रश्न : आणि नर्व्हसाठी ‘नस’ चालेल का?

उत्तर : बोलण्यात चालेल, छापताना टाळावे, कारण सुई टोचून रक्त काढतात तीही नसच. ‘मज्जातंतू’ रूढ आहे, पण मज्जा म्हटल्यावर हाडातला गर आठवतो. शालेय पुस्तकांतून परिचित झालेला ‘चेतातंतू’ मला पसंत आहे. येथे ‘बारीक चेतातंतू’ लिहावे. हे ‘बारीक’ विशेषण गाळू नये. नसांची विजेवरची नेहमीची तपासणी जाड तंतूंची असते, त्यामुळे केवळ बारीक तंतू बिघडलेल्या रुग्णाचा अहवाल निर्दोष येतो आणि घरचे म्हणतात, ‘हिले काहीच नाही.’ निदानासाठी बहुधा घोट्याच्या वरून सुमारे ३ मिलिमीटर व्यासाचा त्वचेचा तुकडा काढून, त्याच्या वरच्या थरात शिरणारे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. अर्थात मधुमेह आणि ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही असाच त्रास होतो, तेव्हा रक्ततपासणीचा उल्लेख पत्रकात असावा.

‘ल्युपस’ला मात्र मराठी प्रतिशब्द शोधू नये. ‘ल्युपस व्हल्गॅरिस’ म्हणजे त्वचेचा क्षयरोग. तो आजार अगदी वेगळा असून नुसत्या नावसाधर्म्यामुळे अनुवादात घोटाळा होऊ शकतो.