टर्मिनलमधला कर्सर लुकलुकायलाच हवा का? माझं मत: नको

निवांत_शेल
थेट मुद्द्यावर येतो. टर्मिनलचा (लिहून आज्ञा देण्याच्या खिडकीचा) कर्सर, म्हणजे पुढचं अक्षर कुठे उमटेल ती खूण, मुळात स्थिर ठोकळा असावा, लुकलुक ज्याला हवी त्याने चालू करून घ्यावी. ग्नोम टर्मिनल या लिनक्सवरच्या प्रोग्रॅममध्ये उलटं आहे. तिथे दर १२०० मिलिसेकंदाला कर्सर एकदा दिसतो नि लपतो, आणि १० सेकंद एकही कळ दाबली नाही तर थांबतो. म्हणजे सततची लुकलुक नको हे बनवणाऱ्यांनाही पटलेलं आहे. मग सुरुवातच का करायची? मी दिवसभर लॉग, म्हणजे मशिनीने लिहिलेल्या नोंदी, वाचतो. नजर वरच्या ओळीवर असते आणि खाली कोपऱ्यात काहीतरी हलत राहतं. डोळा तिकडे ओढला जातोच, कितीही सवय झाली तरी. अलाक्रिटी या दुसऱ्या टर्मिनलमध्ये मुळातच लुकलुक बंद असते, आणि तिथे कुणाचं काही अडत नाही.

प्रोजेक्टर_मास्तर
अडतं. माझ्या वर्गात येऊन बघा. मी तंत्रनिकेतनात लिनक्स शिकवतो. शेवटच्या बाकावरच्या मुलाला फिकट प्रोजेक्टरवर स्थिर ठोकळा म्हणजे निवडलेलं अक्षर वाटतं. मेनूतली उलट्या रंगाची ओळ, सर्चमध्ये उजळलेला शब्द, सगळे ठोकळेच! हलतो तो कर्सर, हे मात्र सांगावं लागत नाही. स्पेरी रँड कंपनीच्या चार्ल्स किसलिंग यांनी लुकलुकत्या कर्सरच्या पेटंटसाठी १९६७ मध्ये अर्ज केला, १९७० मध्ये ते मिळालं. अक्षरांनी भरलेल्या पडद्यावर आपण नेमके कुठे आहोत हे दिसणं ही तेव्हाही खरी गरज होती, आजही आहे.

विमवाली_नाशिक
दोघंही लुकलुकीतच अडकलात. कर्सरचं खरं काम आकार करतो. विममध्ये (टर्मिनलमधला एडिटर) लिहिताना उभी रेघ, एरवी ठोकळा. मोड कुठला ते खालची पट्टी न बघता कळतं. विमआरसीत, म्हणजे विमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, दोन ओळी लागतात. त्या टर्मिनलला कर्सरचा आकार सांगणारी आज्ञा पाठवतात. तिचा क्रम असा: एस्केप, उघडा चौकोनी कंस, आकडा, एक मोकळी जागा, छोटा क्यू. १ लुकलुकता ठोकळा, २ स्थिर. ३ आणि ४ अधोरेघ, ५ आणि ६ उभी रेघ. त्यातही विषम आकडा लुकलुकता, सम स्थिर. मोकळी जागा टाकायला विसरू नका. ती राहिली तर ती आज्ञा जुन्या कीबोर्डवरच्या दिव्यांची होते आणि कर्सर आहे तसाच राहतो.

रात्रपाळी_सर्व्हर
ताई, तुमचा उपाय माझ्यासाठी डोकेदुखी आहे. एसएसएचवरून (दूरच्या मशिनीत शिरून काम करायची सोय) दहा मशिनींवर कामं चालतात. एडिटर आकार बदलतो, मध्येच कनेक्शन तुटतं, आणि माझ्या शेलमध्ये (आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम) उभी रेघ चिकटून बसते. प्रोग्रॅमने कर्सरला हात लावूच नये. तो माझा आहे. त्याच आज्ञेत शून्य पाठवून पूर्ववत करा म्हणाल, तर ग्नोम टर्मिनल शून्य आला की सेटिंगमधला आकार परत आणतं, पण एक्सटर्म या जुन्या टर्मिनलच्या माहितीपत्रात शून्य म्हणजे लुकलुकता ठोकळा. एकाच आकड्याचे दोन अर्थ!

विमवाली_नाशिक
मग शेलच्या प्रॉम्प्टमध्येच (आज्ञा लिहिण्याआधी दिसणारी खूण) तीच आज्ञा तुम्हाला हव्या त्या आकड्यासह घाला, म्हणजे २. प्रॉम्प्ट आला की आकार जागेवर. एडिटर काहीही सोडून जाऊ दे.

अर्धशिशी
मला मायग्रेन आहे, त्यामुळे निवांत_शेल यांच्या बाजूने. वेबच्या सुगम्यतेच्या नियमांत आपोआप सुरू होऊन ५ सेकंदांहून जास्त लुकलुकणारी गोष्ट वाचकाला थांबवता आली पाहिजे, असं आहे. ते नियम टर्मिनलसाठी लिहिलेले नाहीत, पण डोळे तेच आहेत. आणि डेस्कटॉपवरची सेटिंग साध्या कन्सोलला (डेस्कटॉपशिवायच्या, पूर्ण पडद्याच्या टर्मिनलला) लागूच होत नाही. बचाव कामासाठी कधी तिथे उतरावं लागलं, की अधोरेघ लुकलुकतेच.

निवांत_शेल
कन्सोलसाठी: सिस, मग क्लास, ग्राफिक्स, एफबीकॉन या फोल्डरांच्या वाटेने जा. तिथे कर्सर_ब्लिंक नावाची फाइल आहे, रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) होऊन तिच्यात ० लिहा. लुकलुक लगेच बंद होते. रीबूटनंतर मात्र परत सुरू होते, म्हणून सिस्टिमडीत (मशीन सुरू होताना सेवा चालवणारा प्रोग्रॅम) छोटी सर्व्हिस करून ठेवा.

मास्तर, वर्गासाठी वेगळं प्रोफाइल, म्हणजे सेटिंगचा संच, करा: मोठा फाँट, कर्सर ठोकळा, लुकलुक चालू. ग्नोम टर्मिनलमध्ये प्रत्येक प्रोफाइलला ही निवड स्वतंत्र आहे. पण एका वर्गाची गरज सगळ्यांच्या पडद्यावर का लादायची?

प्रोजेक्टर_मास्तर
प्रोफाइल करतो, सूचना चांगली आहे. पण मत बदललेलं नाही. तुम्हाला सेटिंग कुठे आहे ते माहीत आहे, तुम्ही अर्ध्या मिनिटात बंद करता. पहिल्यांदा टर्मिनल उघडणाऱ्या पोराला प्रोफाइल म्हणजे काय तेच ठाऊक नसतं. मुळातली सेटिंग त्याच्यासाठी हवी.

अर्धशिशी
त्या पोरालाही मायग्रेन असू शकतं, मास्तर. दहाऐवजी पाच सेकंदांत थांबवा, एवढं तरी मान्य करा.

प्रोजेक्टर_मास्तर
पाच चालतील. कळ दाबल्यावर परत सुरू होणार असेल तर.